व्हॉट्सअॅपवरचा अंगठा हीच सही: परदेशी गिऱ्हाइकाशी ऑनलाइन सौदा करण्याआधी

आमच्या आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या उमेदीत सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. आडत्यानं आणि खरेदीदारानं एकमेकांचा हात धरायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबत भाव ठरवायचा. हात सुटला की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. नंतर कुणी कुरकुर केलीच तर पंच म्हणून शेजारचे दोन दुकानदार असायचे. आणि पळून जाणार कुठं, मिरजेला?

पेढी आता मी बघते. लग्नाआधी घेतलेली कायद्याची पदवी कपाटात पडून होती, ती तीन वर्षांपूर्वी बाहेर काढावी लागली. आखातातल्या एका खरेदीदाराशी राजापुरी हळकुंडाच्या एका कंटेनरचं बोलणं व्हॉट्सअॅपवर चाललं होतं. भाव ठरला, महिना ठरला. मग त्याची पर्चेस ऑर्डर पीडीएफमध्ये आली, खाली 'कृपया कन्फर्म करा'. मी तेव्हा हमालीच्या हिशोबात होते. अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि फोन गल्ल्यावर ठेवला. त्या पीडीएफच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती: 'आमच्या वेबसाइटवरील सर्वसाधारण अटी लागू.' त्या अटी मी वाचल्या त्या माल पोचून चाळीस दिवस झाल्यावर, ओलावा जास्त असल्याची तक्रार आली तेव्हा. तक्रारीला पंचेचाळीस दिवसांची मुदत, तपासणी त्याच्या पसंतीच्या लॅबमध्ये, वाद त्याच्या शहरातल्या कोर्टात. आम्ही साडेचार लाख सोडले आणि गप्प बसलो.

तेव्हापासून मी सौद्याची जी पद्धत पाळते ती खाली लिहिते. तासगावचे बेदाणेवाले, गुळाचे व्यापारी, पापड-मसाले विकणाऱ्या बायका, सगळेच आता परदेशी गिऱ्हाइकाशी थेट बोलतात. मधला आडत्या गेला, त्यामुळे त्याचं डोकं आपल्यालाच लावावं लागतं. मोठ्या रकमेचा सौदा असेल तर वकील गाठाच. हे त्याच्या आधीचं आहे.

आधी सौदा नेमका कधी होतो ते ओळखायला शिका. 'अजून सही कुठं झालीय' हे वाक्य मी यार्डात रोज ऐकते आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीनं २०२१ मध्ये एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि कन्फर्म करायला सांगितलं. सत्त्याऐंशी टन जवस, नोव्हेंबरात द्यायचा. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. नोव्हेंबरपर्यंत भाव चढला आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे 'मिळालं', 'मान्य' नव्हे. पण याआधीचे त्याचे सौदे 'ओके', 'यप' अशा एका शब्दावर झाले होते आणि ते त्यानं पाळलेही होते. कोर्टानं २०२३ मध्ये अंगठ्याला सही मानलं आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई लावली. वरच्या कोर्टानं २०२४ मध्ये तेच कायम केलं. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात नवीन काय? न शिकलेल्या माणसाचा अंगठाच चालायचा की."

आपल्याकडेही वेगळं नाही. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा एक सौदा २००७ मध्ये ई-मेलवर ठरला होता. औपचारिक करारावर सह्या व्हायच्या होत्या. खरेदीदारानं नंतर अंग काढून घेतलं तेव्हा सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये (ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत) सांगितलं की माल, भाव, प्रमाण, पैसे कसे द्यायचे हे सगळं मेलमध्ये ठरलं आणि 'मान्य' असं उत्तर गेलं, तर करार झाला. पुढचा सहीचा कागद राहिला म्हणून तो मोडत नाही. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, २००० च्या, कलम १०-अ आहे: करार इलेक्ट्रॉनिक रीतीनं झाला एवढ्याच कारणानं तो अमान्य ठरत नाही. मृत्युपत्रासारखे काही दस्त यातून वगळलेत, हळद वगळलेली नाही.

हा कायदा आपल्याकडे कुठून आला तेही सांगते, कारण परदेशी वकील त्याच भाषेत बोलतात. संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याचा एक आयोग आहे, व्हिएन्नात बसतो, नाव अन्सिट्रल. त्यानं १९९६ मध्ये ई-कॉमर्सचा एक नमुना कायदा तयार केला. नमुना म्हणजे वक्कलातून, मालाच्या ढिगातून, काढलेल्या मूठभर हळकुंडांसारखाच, बघा आणि हवा तर घ्या. भारतानं घेतला आणि आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत तसं नोंदवलं. अनेक देशांनी घेतला, म्हणून दुबई असो की सिंगापूर, मूळ तत्त्व एकच सापडतं: कागदावर नाही म्हणून नाकारायचं नाही. मात्र २००५ चा ऑनलाइन करारांचा आंतरराष्ट्रीय करारनामा वेगळा. तो २०१३ पासून लागू आहे, सिंगापूर आणि श्रीलंका त्यात आहेत, भारत नाही. तरी त्यातली एक गोष्ट कामाची आहे: वेबसाइटवर भाव टाकून सगळ्या जगाला दाखवला, तर तो सहसा 'या, बोला' असं आमंत्रण समजतात, बांधून घेणारा प्रस्ताव नव्हे. पण ठरावीक माणसाला 'वीस टन, या भावाला, शुक्रवारपर्यंत' असं लिहिलंत तर तो प्रस्ताव झाला. त्यानं 'डन' म्हटलं की तुम्ही अडकलात.

म्हणून माझा पहिला नियम असा की नव्या गिऱ्हाइकाशी भावाचा आकडा बोलायच्या आधी एक मेसेज जातो. इंग्रजीत जातो, मराठीत त्याचा मतलब एवढाच:

'आपली फोनवरची आणि चॅटवरची बोलणी ही चर्चा समजावी. सौदा पक्का होईल तो पेढीच्या अमुक ई-मेलवरून आमचं पक्कं पत्र गेल्यावर आणि आपण त्याच मेलला लेखी पोच दिल्यावर. पोच आल्याशिवाय आमचं पत्र आम्हाला बांधील नाही. इमोजी, व्हॉइस नोट किंवा अन्य पत्त्यावरून आलेला मेल म्हणजे मान्यता नव्हे.'

यातला प्रत्येक शब्द कायद्याला टेकलेला आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १२ नुसार 'पोच मिळाल्यावरच बांधील' असं तुम्ही आधी सांगितलं असेल, तर पोच येईपर्यंत तो संदेश पाठवलाच नाही असं धरतात. कलम १३ म्हणतं की तुम्ही एखादा ठरावीक पत्ता दिला असेल, तर संदेश त्या पत्त्यावर पोचला की मिळाला. तुम्ही उघडलात की नाही याला किंमत नाही. दुसऱ्याच पत्त्यावर पाठवला, तर तुम्ही तो बघाल तेव्हा मिळाला. म्हणून एकच पत्ता ठरवा आणि तो रोज बघा. आमचा पत्ता आधी पुतण्याच्या नावाचा होता. तो पुण्याला नोकरीला गेला आणि एक अख्खी चौकशी तिथंच कुजली.

हा मेसेज पाठवून झाल्यावर मात्र स्वतः चॅटवर 'फायनल, डन' लिहीत सुटायचं नाही. आपण घातलेली अट आपणच वागण्यातून मोडली, तर कोर्ट वागणं बघतं.

आता ती मुंगीएवढी ओळ. 'वेबसाइटवरील अटी लागू' असं नुसतं लिहिलं तर चालतं का? त्या नमुना कायद्यात १९९८ मध्ये एक कलम वाढवलं गेलं, त्याचा रोख असा की मजकूर संदेशात नाही, फक्त त्याचा उल्लेख आहे, एवढ्यावरून तो रद्द समजू नये. दुसरीकडे अमेरिकेत २००२ मध्ये नेटस्केप या इंटरनेट ब्राउझरच्या कंपनीच्या खटल्यात कोर्टानं उलट बाजू दाखवली: डाउनलोडच्या बटणाखाली, पान सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी अटी असतील, तर त्या माणसानं मान्य केल्या असं म्हणता येत नाही. म्हणजे अट समोरच्याच्या नजरेला पडेल अशी ठेवली होती का, यावर सगळं येऊन ठेपतं. आम्ही व्यापारी आहोत, पीडीएफ आमच्या हातात होतं, ओळ छापलेली होती. माझी बाजू कच्ची होती हे मला तेव्हाच कळलं.

तेव्हा पर्चेस ऑर्डर आली की आधी शेवटचं पान, शेवटची ओळ. लिंक असेल तर उघडा, त्याच दिवशी त्या पानाची पीडीएफ करून ठेवा, कारण वेबसाइटवरच्या अटी रातोरात बदलतात. पटत नसेल तर उत्तरात लिहा: 'भाव आणि प्रमाण मान्य, आपल्या वेबसाइटवरील अटी मान्य नाहीत, आमच्या पत्रातल्या अटींवर सौदा.' आपल्या १८७२ च्या करार कायद्यात स्वीकार निखालस लागतो. त्यात 'पण' आला की तो स्वीकार राहत नाही, नवा प्रस्ताव होतो. मग चेंडू त्याच्याकडे. इथं एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. तो परत स्वतःच्या अटी पाठवतो, तुम्ही वाचत नाही आणि ट्रक न्हावा शेवा बंदराला रवाना करता. माल भरणं हाच तुमचा होकार ठरू शकतो. त्याचं लेखी उत्तर येईपर्यंत माझ्याकडे गोदामाचं शटर वर जात नाही. हमाल बसून राहतात, आप्पा चिडतात, तरीही.

कोणता कायदा लावायचा ही ओळ बहुतेक जण रिकामी सोडतात. आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा एक करारनामा आहे, १९८० सालचा, व्हिएन्नातच झालेला, १९८८ पासून लागू. जर्मनी, अमेरिका, चीन, जपान त्यात आहेत. भारत नाही, ब्रिटनही नाही. तुम्ही म्हणाल मग आपला काय संबंध? करारात 'जर्मन कायदा लागू' असं लिहिलं असेल, तर हा करारनामा जर्मन कायद्याचाच भाग म्हणून मागच्या दारानं आत येतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट सही-शिक्का न लागता करार होतो हे तो सरळ मान्य करतो. पण मालात खोट असल्याची तक्रार करायला तो 'वाजवी वेळ' देतो आणि बाहेरची मर्यादा ठेवतो दोन वर्षांची. हळकुंडाला दोन वर्षं! आमच्या हरिपुरात पूर्वी जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षं टिकायची, पण दमट हवेतल्या कुणाच्यातरी गोदामात टिकेल याची हमी मी देणार नाही. म्हणून दोनच वाक्यं घाला: भारतीय कायदा लागू, आणि १९८० चा करारनामा लागू नाही. तो वगळायची मुभा त्याच करारनाम्यात आहे.

आणि तक्रारीची मुदत स्वतः ठरवा. आमच्या पत्रात आता असं असतं: ओलावा बारा टक्क्यांपर्यंत, कुरकुमीन (हळदीचा पिवळा रंग देणारा घटक) अमुक इतकं, तपासणी न्हावा शेवाला कंटेनर भरताना तिऱ्हाईत संस्थेकडून, तो अहवाल दोघांना अंतिम, उघड दिसणाऱ्या खोटेबद्दल माल बंदरात पोचल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार. सीआयएफवर, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजाचं भाडं धरून एकच भाव लावून, विकत असाल तर हे ठसठशीत लिहा. पुष्कळ लोकांना वाटतं की भाडं आणि विमा आपण भरतो म्हणजे पोचेपर्यंत जोखीमही आपली. तसं नाही. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी चेंबरच्या इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे, म्हणजे सौद्यातल्या अशा संज्ञांच्या नियमावलीप्रमाणे, सीआयएफमध्ये माल आपल्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. मला हे वेळेवर माहीत असतं, तर ते चाळीस दिवसांचं पत्र वाचताना हात थरथरले नसते.

भांडण कुठं होणार? सुप्रीम कोर्टाचा १९६५ चा एक निकाल विदर्भातल्या खामगावचा आहे. खामगावच्या गिरणीनं अहमदाबादच्या व्यापाऱ्याला सरकीची पेंड विकायचं फोनवर कबूल केलं होतं. कोर्ट म्हणालं, होकार जिथं ऐकू आला तिथं करार झाला, म्हणून अहमदाबादच्या कोर्टाला अधिकार आहे. तार-पत्राला वेगळा नियम, फोनला वेगळा. ई-मेलचं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात असं की तो ज्याला पाठवला त्याच्या धंद्याच्या ठिकाणी पोचला असं धरतात, मग त्यानं तो महाबळेश्वरला सुट्टीवर असताना उघडला तरी. पण या सगळ्या वादात वर्षं जातात. त्यापेक्षा जागा लिहून टाकलेली बरी.

मी कोर्ट लिहीत नाही, लवाद लिहिते, म्हणजे दोघांना मान्य असलेला कोर्टाबाहेरचा पंच. सांगलीच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन तुम्ही अमेरिकेत किंवा जर्मनीत गेलात तर तो तिथं आपोआप वठत नाही. तसा परस्पर करार आपला त्यांच्याशी नाही. १९५८ च्या न्यूयॉर्क करारनाम्यामुळे लवादाचा निवाडा मात्र १७० हून जास्त देशांत चालतो, आणि भारत त्यात १९६० पासून आहे. आखाताचं गणित उलटं आहे. संयुक्त अरब अमिरातीला आपण २०२० मध्ये परस्पर देशांच्या यादीत घेतलं, त्यामुळे तिथल्या ठरावीक कोर्टांचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात जणू त्याचाच असल्यासारखा वठवता येतो. तिकडून समन्स आलं तर 'दुबईचं कोर्ट माझं काय करणार' म्हणून फाडू नका.

आमचं लवादाचं कलम साधं आहे: एकच लवाद, जागा मुंबई, भाषा इंग्रजी, सुनावणी शक्यतो कागदपत्रांवर आणि व्हिडिओवर. खरेदीदार मुंबईला तयार नसेल तर सिंगापूरवर जमतं. हे कलम ई-मेलच्या देवघेवीतही चालतं, २०१५ च्या दुरुस्तीनं आपल्या लवाद कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. तरी खरं सांगू? एका कंटेनरच्या नफ्यात सिंगापूरचा लवाद परवडत नाही. लहान सौद्याला खरं संरक्षण म्हणजे निम्मी उचल आधी आणि उरलेले पैसे बँकेतून कागदपत्रं सोडवताना. कलम घालायचं ते समोरच्याला कळावं म्हणून, की ही पेढी वाचून सही करते.

पुरावा. व्हॉट्सअॅपचे आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद करा, आज, आत्ता. चॅट मेलवर काढून ठेवा. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक फोन किंवा संगणक ज्याच्या ताब्यात त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावी लागते. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र लागायचंच, जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते पुन्हा ठासून सांगितलं. नुसते स्क्रीनशॉट घेऊन वकिलाकडे गेलात तर तो आधी मूळ फोन मागेल. मी जुना फोन विकत नाही, फडक्यात गुंडाळून तिजोरीत ठेवते, वर सौद्यांची वर्षं लिहिलेली चिठ्ठी. जाऊबाई हसतात.

एक गोष्ट पक्क्या पत्रात नेहमी ठेवा: बँक खातं बदलल्याचं ई-मेलवर कळवलं जाणार नाही, तसा मेल आला तर व्हिडिओ कॉल करून खात्री करावी. मधेच मेल हॅक करून खातं बदलणारे चोर आता हळदीच्या धंद्यातही आलेत.

आता पुड्या विकणाऱ्यांसाठी. शंभर ग्रॅमचं पाकीट परदेशातल्या घरगुती गिऱ्हाइकाला विकलंत, की वरचं निम्मं गैरलागू होतं. १९८० चा करारनामा आणि २००५ चा करारनामा, दोन्ही घरगुती खरेदीला लागत नाहीत. तिथं त्या गिऱ्हाइकाच्या देशाचा ग्राहक कायदा येतो. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेला माल चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतो. सीलबंद खाण्याचा पदार्थ फोडल्यावर नाही, पण सील शाबूत असेल तर येतो. ऑर्डरच्या बटणावर पैसे द्यावे लागतील हे स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर गिऱ्हाईक बांधलंच जात नाही. तुमची साइट तिथं नुसती उघडते म्हणून हे सगळं लागत नाही. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये काही खुणा सांगितल्या: त्यांच्या चलनात भाव, त्यांची भाषा, देशाच्या कोडसकट फोन नंबर, तिथं केलेली जाहिरात. या असतील तर तुम्ही मुद्दाम त्यांच्या दारात गेलात, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या गावच्या कोर्टात दावा लावू शकतं.

भाच्यानं गेल्या दिवाळीत आमच्या साइटवर हौसेनं युरोचा भाव आणि जर्मन भाषेचं बटण टाकलं होतं. मी दोन्ही काढायला लावलं. जर्मनीतून अजूनही पाकिटाची विचारणा येते, बहुतेक इथल्याच कुणाच्या तरी लेकी-सुना असतात. त्यांना मी सांगते, आईला यार्डात पाठवा, बॅगेतून येईल.